रीळ बदलेपर्यंत

सिनेमा पाठीमागून बघणाऱ्यांचा आमच्या वाडीत एक वेगळा गट होता. गणपतीत या चाळीच्या कठड्यापासून समोरच्या चाळीच्या कठड्यापर्यंत दोऱ्या बांधून पांढरं कापड ताणलं जायचं. प्रोजेक्टर सोळा मिलिमीटरचा, भाड्याचा, आणि तो ठेवायला कुणाच्या तरी घरचं इस्त्रीचं टेबल. समोरची जागा दुपारपासूनच चटया, गोणपाटं, वेळप्रसंगी नुसत्या चपला ठेवून अडवलेली असे. ज्यांना ती मिळाली नाही ते पडद्याच्या मागे जाऊन बसत. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसायचं, फक्त डावं-उजवं उलट. सगळे नायक डावखुरे, सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. दुकानाची पाटी वाचायची तर आरसा हवा.

आक्का त्या मागच्या गटातली. आजही मारामारीच्या एखाद्या प्रसंगाचा विषय निघाला की ती ठासून सांगते, "डाव्या हातानं मारली रे त्यानं सुरी." मास्तर म्हणतो उजव्या. दोघांनी तो सिनेमा एकाच रात्री, एकाच कापडावर पाहिलाय. हल्ली मंडळाची पोरं एलईडीची भिंत उभी करतात. चित्र झकास दिसतं, पण तिच्या मागे गेलं तर नुसत्या वायरी.

आम्ही म्हणजे गिरगावातल्या एका वाडीत वाढलेली मंडळी. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन डोंबिवलीला, आक्का दहिसरला, मी बोरिवलीला. बेस्टमध्ये कंडक्टर होता तो आमचा मित्र नालासोपाऱ्याला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कुणी घेत नाही, सगळे त्याला डबलबेल म्हणतात. वाडीत उरलाय तो एकटा बुवा, पेटी आणि टाळांसकट. भेटतो ग्रँट रोडला एका इराण्याकडे. पश्चिम रेल्वेवाल्यांना ते सोयीचं पडतं आणि मास्तरला गैरसोयीचं, आणि मास्तर दादरला गाडी बदलून घामाघूम होऊन आला की गप्पांना आपोआप तोंड फुटतं. दुखण्यांना पहिली पाच मिनिटं, हा आक्काचा नियम. गुडघा, साखर, मोतीबिंदू, जे असेल ते ब्रून मस्का टेबलावर यायच्या आत उरकायचं. मग कुठली इमारत खाली झाली, कोणाचा मुलगा कुठे गेला. आणि मग सिनेमा, टीव्ही. गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटत असेल, ही म्हातारी मंडळी जुन्या सिनेमांवर बोलतायत. प्रत्यक्षात सिनेमावर आम्ही जवळपास बोलतच नाही. गोष्ट कुणाला धड आठवत नाही. दोन भाऊ जत्रेत हरवले होते की तीन, आणि आई आंधळी आधीपासून होती की नंतर झाली, यात सगळा गोंधळ. मात्र सिनेमा जिथे जिथे थांबला, ते सगळं लख्ख आठवतं.

प्रोजेक्टर एकच असायचा. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची माणसं डोळे चोळत एकमेकांकडे बघायची. पुढचं रीळ चढेपर्यंतचा वेळ कुणाच्याच हिशेबात नसे, म्हणून तो सगळ्यांचा असे. कधी तर एकच प्रिंट दोन गल्ल्यांत चालू असायची. तिकडचं रीळ संपलं की सायकलवर घालून इकडे. मग बातमी यायची, "रीळ ठाकूरद्वारला अडकलंय." का अडकलंय ते कुणालाच माहीत नसायचं, म्हणून प्रत्येकजण कारण सांगायचा. त्या अर्ध्या तासात पुढच्या वर्षीच्या वर्गणीवरून भांडण व्हायचं, कुणीतरी पत्ते काढायचं, आणि बायकांच्या बाजूला सिनेमातल्या खलनायकापेक्षा भयंकर गोष्टी सांगितल्या जायच्या. डबलबेलनं आयुष्यातली पहिली विडी अशाच एका रिळाची वाट बघताना ओढली. सिनेमा कुठला होता ते त्याला आठवत नाही. विडी कोणी दिली ते आठवतं, आणि ते तो दर खेपेला बुवाकडे बोट दाखवून सांगतो.

टीव्हीचंही तेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं, हे मास्तर पाठ केल्यासारखं म्हणतो. वाडीत टीव्ही कोणत्या वर्षी आला यावर आमचं एकमत नाही, पण कुणाकडे आला यावर आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका गोदीत कामाला होते, त्यांच्याकडे. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, कुलूप लागणारा. त्याचा परवाना काढायला काका पोस्टात गेले होते. सबंध मजल्याची पोरं त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत, मोठी माणसं दारात आणि उरलेली गॅलरीतल्या खिडकीशी. खिडकीच्या गजांना धरून बघणाऱ्याला अर्धाच पडदा दिसे. बुवा अनेक वर्षं खिडकीवाला होता, म्हणून बातम्या देणाऱ्यांचा डावा कान तो जास्त ओळखतो.

'आमची माती आमची माणसं' लागायचं. वाडीत माती म्हणाल तर तुळशीच्या कुंडीतली, पण कपाशीवर कोणती कीड पडते आणि फवारणी किती दिवसांनी करायची, हे आम्हाला तोंडपाठ होतं. 'गजरा' लागला की काकूंचा आवाज सगळ्यात मोठा यायचा, हसण्याचा. 'चिमणराव' सुरू झाल्यावर दिलीप प्रभावळकरांची आणि बाळ कर्व्यांची नक्कल प्रत्येक जिन्यावर ऐकू यायला लागली. आमचा मास्तर तेव्हापासून गुंड्याभाऊ, आणि अंगानंही त्याला तेच शोभतं. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. त्या काळात आक्काच्या आईला बातमी एकही आठवायची नाही, साडीचा काठ मात्र बरोबर आठवायचा.

पण खरी गंमत रविवारची. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि तो मध्येच तोडून मराठी बातम्या. नायिका जिन्यावरून गडगडतेय, आणि समोर एकदम प्रदीप भिडे, अगदी शांत चेहऱ्यानं, मंत्रिमंडळाच्या बैठकीची बातमी घेऊन. त्या बातम्या आमच्या वाडीत कोणी ऐकल्या असतील असं मला वाटत नाही. सगळी खोली बाहेर गॅलरीत यायची. कुणी घरी जाऊन कुकर लावून यायचं. नायिका वाचणार की मरणार यावर पैजा लागायच्या. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ त्याच पंधरा-वीस मिनिटांत सुचवलं गेलं. सुचवणाऱ्या बाईंना नंतर कुणी विचारलं, तुम्हाला कसं सुचलं हो, तर म्हणाल्या, "बातम्या चालू होत्या ना." माझे मेहुणे अजून कौतुकानं हे सांगतात.

आणि पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली की तर उत्सवच. मग गच्चीवर अँटेना फिरवणारा एक, जिन्यात एक, दारात एक, आणि "आलं का?", "आलं... आलं... गेलं!" असा निरोप मजल्यामजल्यानं वरखाली. व्यत्यय वरळीला आलाय, आपल्या अँटेनाचा त्यात काही दोष नाही, हे कळत असूनही गच्चीवर जायला पोरं तयार असायची. गच्चीवर जायला दुसरं कारण घरी सांगता येत नसे. आक्का हे वाक्य ऐकलं की चहात बघते.

मास्तरचा अभिमानाचा विषय वेगळा. गिरगावात सिनेमा जन्मला, असं तो म्हणतो. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला लागला तो सँडहर्स्ट रोडच्या कोरोनेशनमध्ये, आमच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि अर्देशिर इराणींचा 'आलम आरा', पहिला हिंदी बोलपट, १४ मार्च १९३१ला गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, हे तर सगळ्या पुस्तकांत आहे. मास्टर विठ्ठल त्याचा नायक. मूकपटांतला गडी, तलवारबाजी जोरदार, पण हिंदी-उर्दू जिभेवर बसेना. म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बोलायला कमीत कमी दिलं, असं सांगतात. मास्तर हे सांगताना प्रत्येक वेळी हसतो, आणि आक्का प्रत्येक वेळी म्हणते, "तुलाही तेच करायला हवं होतं."

मी या गोष्टीकडे जरा वेगळ्या अंगानं बघतो. मूकपटाच्या काळात थेटरात केवढा गलबला असेल! पडद्याशेजारी पेटी-तबला, अक्षरओळख असलेला माणूस पडद्यावरच्या पाट्या शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवतोय, कुणी नायकाला सूचना देतोय. पडदा मुका होता तोवर समोरची माणसं बोलत होती. त्या मार्च महिन्यात पडदा बोलायला लागला आणि लोकांना पहिल्यांदा "शूः" ऐकावं लागलं असणार. सिनेमाच्या इतिहासात ध्वनी आला असं लिहितात. थेटरातून त्या दिवशी काय गेलं ते कोणी लिहिलेलं नाही. 'आलम आरा'ची तर आज एकही प्रत शिल्लक नाही. आमच्यातल्या कुणीच तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही, म्हणून त्यावर सगळ्यांना सारख्याच अधिकारानं बोलता येतं.

मॅजेस्टिकची इमारतही आता नाही. तिच्या शेजारी पुस्तकं विकणाऱ्या केशवराव कोठावळ्यांच्या दुकानाला तिचं नाव मिळालं, आणि पुढे विलेपार्ल्यात साहित्यिकांच्या 'मॅजेस्टिक गप्पा' रंगायला लागल्या. थेटर गेलं आणि त्याच्या नावावर गप्पा उरल्या, याचं मला विशेष वाटत नाही. दुसरं काय उरणार होतं?

शांत बसवण्याचं काम टीव्हीनंही एकदा केलंच, २५ जानेवारी १९८७ला. 'रामायण' सुरू झालं त्या रविवारी. तोवर वाडीत घरोघरी टीव्ही आले होते, निम्मे रंगीत. तरी लोक काकांकडेच जमले, सवयीनं. काकूंनी टीव्हीला हार घातला होता. आणि पहिल्यांदाच त्या खोलीत कोणी बोललं नाही. मूल रडलं तर त्याला घेऊन आई खाली गेली. डबलबेल तेव्हा रविवारी सकाळच्या पाळीला असायचा. तो सांगतो, ऑपेरा हाऊसला टीव्हीच्या दुकानासमोर ड्रायव्हरनं गाडी उभी केली. प्रवासी मोजून तीन. तेही उतरले, काचेसमोर उभे राहिले, आवाज येत नव्हता तरी हात जोडून. "मी बेल दिली नाही," तो म्हणतो. "कुणाला देणार?" मला ती मालिका कंटाळवाणी वाटायची आणि ते मी तेव्हाही लपवलं नाही. पण भक्तीपेक्षा मला खटकली ती तिथली शिस्त. त्यानंतर टीव्ही ही गप्प बसून बघायची गोष्ट झाली, आणि हळूहळू ज्याच्या त्याच्या घरी, दार लावून बघायची.

लॅमिंग्टन रोडनं गप्प बसणं कधी मान्य केलं नाही. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक, इंपीरियल, नॉव्हेल्टी, सगळी थेटरं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. नाझच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या आणि हमाल रिळांचे पत्र्याचे डबे डोक्यावर घेऊन जिने उतरायचे. सिनेमा काय आहे हे तिकीट काढण्याआधी रांगेतच कळायचं, कारण आदल्या खेळाची माणसं बाहेर पडताना शेवट सांगत जायची. ब्लॅकवाला तर समीक्षक. त्यानं भाव उतरवला की समजायचं, सिनेमा पडला. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या, त्या प्रत्येक मांडवात वाजल्या, आणि पुढेपुढे तर पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत सगळं थेटर त्याचं वाक्य म्हणून टाकायचं. कानावर आवाज येतोय तो अमजदखानचा की पुढच्या रांगेतल्या पोराचा, कळायचं नाही. मूकपटाचे दिवस तिथे परत आले होते म्हणा ना.

त्यातली बहुतेक थेटरं गेली. मिनर्व्हा पाडलं गेलं. रॉयल ऑपेरा हाऊस मात्र १९९३पासून बंद पडून राहिलं आणि २०१६मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडलं, सोनेरी नक्षीसकट. आम्ही सगळे एकदा आत जाऊन आलो. फार सुरेख केलंय. बुवा आत पाय वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत होता, तेवढ्यावरून मला कळलं की आमचं काही तिथे जमायचं नाही.

गिरगाव स्वतःच आता ओळखू येत नाही, हे वाक्य मी टाळतो, कारण ते माझ्या वडिलांनीही म्हटलं होतं. बदल झालेत, ते मोजून सांगता येतील असे. भुयारी मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा रस्ताभर निळे-हिरवे पत्रे होते, मार्गात येणाऱ्या इमारती रिकाम्या झाल्या, शेजारच्या चाळी रात्री ड्रिलच्या आवाजानं हादरायच्या. ऑक्टोबर २०२५मध्ये आचार्य अत्रे चौकापासून कफ परेडपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि आरे ते कफ परेड सबंध मार्ग पुरा झाला, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. त्यातलं एक गिरगाव. आयुष्यभर चर्नी रोडला उतरलेल्या आम्हाला गिरगाव नावाचं स्टेशन बघून उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं. नव्या नवलाईत एक तक्रार सगळीकडे ऐकू येत होती, भुयारात फोनला रेंज नाही. डबलबेल पहिल्याच आठवड्यात जाऊन आला. त्याचं निरीक्षण असं की शेजारच्या बाकावरचे दोन अनोळखी पोरगे कंटाळून शेवटी एकमेकांशी बोलायला लागले. "रीळ अडकलं होतं ना," असं तो म्हणाला आणि आम्हाला त्याचा जरा हेवा वाटला, कारण हे वाक्य मास्तरचं असायला हवं होतं.

बुवाची चाळ पुनर्विकासात गेली आहे, म्हणजे कागदावर. वरच्या मजल्यावर घर मिळणार, संडास घरात, लिफ्ट. याला वाईट म्हणणाऱ्यानं आधी पहाटे चारला सामायिक नळावर उभं राहून दाखवावं. आक्काची आई उभी राहिलेली आहे. बुवाचा प्रश्न एकच होता. आर्किटेक्टच्या माणसानं नकाशा पसरला तेव्हा त्यानं विचारलं, "यात गॅलरी कुठाय?" माणूस म्हणाला, काका, बाल्कनी आहे प्रत्येकाला. बुवा म्हणाला, ती नव्हे, सगळ्यांच्या दारांवरून जाणारी. तशी नसते. मग नकाशात एक मोठी मोकळी जागा दिसली. ती आगीच्या वेळी जमायची, रेफ्यूज एरिया. बुवाला ती भारी आवडली. गुरुवारचं भजन तिथे घेता येईल का, असा अर्ज त्यानं सोसायटी व्हायच्या आधीच तयार ठेवलाय. तिथे काही ठेवायला, वापरायला परवानगी नसते, असं त्याला मी सांगितलं. "आग लागल्याशिवाय जमायचं नाही असा नियम आहे का?" त्यानं विचारलं. नियम साधारण तसाच आहे.

माझी नात मालिका बघते तेव्हा सुरुवातीची गाणी वगळण्याचं बटण दाबते. एक भाग संपला की पाच आकडे उलटे मोजून पुढचा आपोआप सुरू. मध्ये उठायलाही जागा नाही. मध्यंतर टिकून आहे ते फक्त थेटरात. परदेशी सिनेमांत मध्यंतर नसतं, तरी आपल्याकडे तो वाक्याच्या मध्येच तोडून दिवे लावतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ते लाह्या विकण्यासाठी आहे हे मान्य. पण त्या दिव्यांत आता सगळ्यांचे चेहरे खालून उजळलेले दिसतात, फोनच्या उजेडात, आणि लाह्यांचा डबा मांडीवर तसाच.

गेल्या खेपेला आक्कानं एक सिनेमा काढला, नाव विसरलेला. काकांकडे रविवारी लागलेला. बातम्यांनंतर वीज गेली आणि आली तेव्हा काकांना सोमवारची पहिली पाळी होती म्हणून त्यांनी टीव्हीला कुलूप लावलं होतं. नायक तुरुंगात, नायिका दुसऱ्याच्या मांडवात, आणि म्हातारा बाप पत्र घेऊन गाडीत बसलेला. पुढे काय झालं ते वाडीत कुणालाच माहीत नाही. मास्तरच्या मते पत्र पोचलं. डबलबेल म्हणतो, बाप पुढच्या स्टेशनवर पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. त्याला अशी माणसं खूप भेटली आहेत. बुवानं नायकाला पंढरपूरला पाठवला. मी म्हटलं, लग्न लागलंच असणार, त्या काळात कोण मांडव मोडतंय. "तू तर बोलूच नकोस," आक्का म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि बाकीच्यांनी इराण्याकडे आणखी चहा सांगितला.

मास्तरनं खिशातून मोबाइल काढला. कथा टाकली की नाव येतं, नाव आलं की शेवट येतो, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणत तो चष्मा शोधायला लागला. आक्कानं हात पुढे करून चष्म्याचं घर आधीच स्वतःच्या पर्समध्ये टाकलं होतं. "बघितलंस ना," ती म्हणाली, "तर पुढच्या वेळी तुझा चहा तुझा तू." मास्तरनं फोन ठेवला. बिल अर्थातच त्यानंच भरलं, चष्मा परत मिळवायचा होता.